मोटरसायकलला अलार्म नीट कसा बसवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत गाडी रात्रभर उघड्यावर असते. कुणाची चाळीच्या गल्लीत, कुणाची सोसायटीच्या भिंतीला टेकून, कुणाची स्टेशनबाहेरच्या पे अँड पार्कमध्ये. त्यामुळे अलार्म घेणारे पुष्कळ आहेत. पण महिन्याभरात त्याची वायर उपटून टाकणारेही तितकेच भेटतात. बॅटरी उतरते, मध्यरात्री विनाकारण सायरन वाजतो, पावसात गाडी बंद पडते. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ अलार्मच्या डब्यात नसतं, जोडणीत असतं. खालची उत्तरं १२ व्होल्टच्या पेट्रोल मोटरसायकल आणि स्कूटरसाठी आहेत.

अलार्म घेताना काय बघायचं?

तीन गोष्टी. पहिली, रिमोटचा कोड प्रत्येक दाबाला बदलणारा हवा. एकच कोड कायम पाठवणारा स्वस्त रिमोट सहज नक्कल करता येतो. दुसरी, अलार्म चालू असताना (म्हणजे लावून ठेवलेला, पण सायरन वाजत नसताना) बॅटरीतून किती करंट ओढतो, ते माहितीपत्रकावर मिलिअँपिअरमध्ये छापलेलं असावं. ५ च्या आत असेल तर उत्तम, १५-२० असेल तर छोट्या गाडीसाठी घेऊच नका. तिसरी, वायरिंगचा नकाशा सोबत हवा. नकाशा नसलेला अलार्म कितीही स्वस्त असला तरी तो बसवताना अंदाजपंचे काम होतं आणि भुर्दंड गाडीच्या वायरिंगला बसतो.

सुटं सामान, म्हणजे रिले (करंटने चालणारा स्विच), डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), फ्यूज होल्डर, मल्टिमीटर, लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

बॅटरी उतरेल का?

हिशेब सोपा आहे, स्वतः करून बघा. समजा तुमची बॅटरी ४ अँपिअर-अवरची आहे (बॅटरीत किती वीज साठते त्याचं हे माप, रोजच्या वापराच्या छोट्या गाड्यांत साधारण ३ ते ५ असतं) आणि अलार्म १० मिलिअँपिअर ओढतो. चोवीस तासांत ०.२४ अँपिअर-अवर खर्च झाले. गाडी सेल्फवर उठायला बॅटरी निम्म्यापेक्षा खाली जाऊ नये असं धरलं, तर तुमच्या हातात २ अँपिअर-अवर आहेत. म्हणजे आठ दिवस. हाच अलार्म ३ मिलिअँपिअरचा असेल तर जवळजवळ चार आठवडे.

रोज गाडी चालवणाऱ्याला याचा काही फरक पडत नाही. पण गणपतीला दहा दिवस कोकणात गेलात आणि गाडी इथेच राहिली, तर आठ आणि अठ्ठावीसमधला फरक परत आल्यावर कळतो. लांब जाताना अलार्म बंद करून डिस्क लॉक आणि साखळी लावणं बरं.

बसवण्याआधी बॅटरीची तब्येत तपासा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरीचं बघा. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. तो येत नसेल तर चार्जिंगमध्येच दोष आहे, आणि पुढे दोष मात्र अलार्मच्या माथी येईल.

कोणती हत्यारं आणि सामान लागतं?

मल्टिमीटर, १० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, वायर सोलायचं पक्कड आणि क्रिंपिंगचं (धातूची नळी वायरवर दाबून जॉइंट करायचं) पक्कड. वापरून टाकायच्या सामानात १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दोन-तीन मीटर, वायरच्या टोकाला दाबून बसवायची रिंगवाली दोन थिंबलं, ७.५ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), कापडी हार्नेस टेप आणि केबल टाय.

टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरला लावून करंट बघायचा बल्ब, घरीच ठेवा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तो चालायचा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक निकषांच्या) गाड्यांत सेन्सर आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) वायरी असतात, आणि बल्बइतका करंट त्यातून गेला तर ईसीयू जाऊ शकतो. मीटरच वापरा.

फ्यूज ७.५ अँपिअरचाच का? आणि कुठे लावायचा?

अलार्म वाजतो तेव्हा चारही इंडिकेटर एकदम पेटतात. १० वॉटचे चार बल्ब म्हणजे ४० वॉट, म्हणजे साधारण ३.३ अँपिअर. सायरनचा धरा एक अँपिअर. झाले सव्वाचार. ५ चा फ्यूज अगदी काठावर येतो आणि थोड्या दिवसांत उगाच उडतो. १५ चा लावला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजआधी वायर तापते. सगळे इंडिकेटर एलईडी असतील तर ५ चा पुरे.

जागा मात्र पक्की: बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूजच्या अलीकडचा वायरचा तुकडा उघडा असतो, त्याला कुणाचंही संरक्षण नसतं. तो जेवढा लहान तेवढं चांगलं. अलार्मच्या डब्याजवळ, म्हणजे वायरच्या दुसऱ्या टोकाला फ्यूज लावलेला असेल तर तो असून नसल्यासारखा.

जोडणीचा क्रम काय?

सीट आणि साइड पॅनल काढा. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा, मग पॉझिटिव्ह. पाना चासीला टेकला तरी ठिणगी उडू नये म्हणून हा क्रम.

१. अलार्मचा डबा, सायरन आणि वायरींचा मार्ग आधी नुसता ठेवून बघा. अजून काही कापू नका. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून वायर कुठे ताणली जाते का, सीट बसताना कुठे चेपते का, ते पाहा.

२. काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. चासीच्या बोल्टला अर्थिंग घेऊ नका. रंगाचा थर मध्ये येतो, आणि नंतर गंज.

३. लाल वायर फ्यूजमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला. फ्यूज अजून बसवू नका.

४. इग्निशनची खूण सांगणारी वायर शोधा. चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट, बंद केल्यावर शून्य, अशी. यासाठी बॅटरी तात्पुरती जोडावी लागेल. टेललाइटच्या किंवा मागच्या ब्रेक स्विचच्या कपलरजवळ (वायरी जोडणाऱ्या प्लगजवळ) ती सहज सापडते. रंगावर विश्वास नको. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत रंग बदलतात.

५. इंडिकेटरच्या दोन वायरी मागच्या दिव्यांच्या कपलरपाशी घ्या. डावा इंडिकेटर लावला की ज्या वायरवर आकडा वरखाली होतो ती डावी.

६. सायरन जोडा. फ्यूज बसवा. पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

इंजिन बंद करणारी वायर या क्रमात मुद्दाम घेतलेली नाही. आधी एवढं दोन-तीन दिवस चालवून बघा. सगळं बरोबर असेल तरच पुढे जा.

जॉइंट कसा मारायचा? सोल्डर की क्रिंप?

क्रिंप. सोल्डर केलेली वायर जिथे कडक भाग संपतो तिथेच गाडीच्या थरथरीने तुटते, आणि वरून इन्सुलेशन शाबूत दिसत असल्याने दोष सापडायला अर्धा दिवस जातो. सोल्डरच करायचं असेल तर जॉइंटच्या दोन्ही बाजूंना वायर टायने बांधा, म्हणजे ती हलणार नाही.

वायर न सोलता वरून चिमटा दाबून जोडायचे निळे-लाल क्लिप मिळतात. मुंबईत ते वापरू नका. त्यांचं पातं तांब्याच्या तारा थोड्या कापतं आणि दमट, खारी हवा त्या भेगेतून आत शिरते. वरळी कोळीवाडा, वर्सोवा, गोराईसारख्या समुद्राकाठच्या वस्तीत तर एका पावसाळ्यानंतर तो क्लिप उघडला की आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी दिसते. बोटाने वायर ओढली की हातात येते.

जॉइंटवर स्लीव्ह चढवून गरम करा, कडांतून गोंदाचा बारीक थेंब बाहेर आला की पाणी जाणार नाही असं समजा. सिलिकॉन भरायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका. त्यातलं आम्ल तांबं खातं. बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, ते घ्या.

सायरन कुठे आणि डबा कुठे?

सायरनचं तोंड खाली किंवा खाली-मागे झुकलेलं ठेवा. वर केलं तर भोंग्याची वाटी होते आणि पावसाचं पाणी त्यात साचतं. सायलेन्सर आणि सिलिंडर हेडपासून लांब. पुढच्या चाकाचा चिखल थेट येईल तिथे नको. टाकीखाली चासीच्या मधल्या जागेत किंवा साइड पॅनलच्या आत चांगला बसतो. चोराच्या हाताला लागत नाही हा आणखी फायदा.

डबा सीटखाली, जितका उंच बसेल तितका. हिंदमाता, मिलन सबवे, सायनचं गांधी मार्केट अशा भागांतून जाणाऱ्यांनी हे विशेष पाळावं, कारण गुडघाभर पाण्यात स्कूटरचा पायदानाखालचा भाग सरळ बुडतो. डब्यात शिरणाऱ्या वायरी आधी थोड्या खाली वळवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळणावरून टपकेल, डब्यात जाणार नाही.

अलार्म कारण नसताना वाजतो. काय करू?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो महत्त्वाचाही आहे. रोज रात्री उगाच वाजणाऱ्या सायरनकडे शेजारी आठवड्याभरात लक्ष देणं सोडतात. मग ज्या रात्री खरोखर कुणी गाडी ढकलतो, त्या रात्रीही कुणी खिडकी उघडत नाही.

आधी सेन्सरची संवेदनशीलता अगदी कमीवर आणा. मग एकेक पायरी वाढवत तपासा: सीटवर हाताने हलकी थाप मारली तर वाजू नये. गाडी साइड स्टँडवरून सरळ उचलली तर वाजलाच पाहिजे. शेजारून बेस्टची बस किंवा डंपर गेला तर वाजू नये. रेल्वेमार्गाला लागून राहत असाल तर जलद लोकल जाताना उभं राहून बघा. गणपतीत ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके असतात, तेव्हा एक पायरी खाली आणा आणि नंतर परत वर न्यायला विसरू नका.

डबा कसा बांधला आहे त्यावरही हे अवलंबून असतं. नुसता फोमवर चिकटवलेला किंवा वायरींच्या गुंडाळ्यावर सैल ठेवलेला डबा स्वतःच डुगडुगतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि दोन केबल टाय, चासीच्या भक्कम भागाला. प्लॅस्टिकच्या पॅनलला नाही.

संवेदनशीलता खाली आणूनही वाजत असेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि इग्निशनच्या खुणेचा जॉइंट बघा. तो जॉइंट सैल असेल तर अलार्मला वाटतं कुणीतरी चावी फिरवतंय.

आणखी एक मुंबईचं वास्तव: पार्किंगमध्ये आपली गाडी काढायला लोक दुसऱ्याची गाडी बाजूला सरकवतात. तो चोर नव्हे. एका धक्क्याला नुसती दोन-तीन टकटक आणि धक्के चालूच राहिले तर पूर्ण सायरन, अशी दोन टप्प्यांची सोय असलेला अलार्म अशा ठिकाणी खूप उपयोगी पडतो.

डावा इंडिकेटर लावला की चारही पेटतात. का?

अलार्मच्या दोन इंडिकेटर वायरी आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत, आणि डाव्या बाजूचा करंट त्यातून उजवीकडे जातो. प्रत्येक वायरमध्ये एक डायोड टाका, पट्टी असलेली बाजू इंडिकेटरकडे. डायोड ३ अँपिअरचा, १एन५४०८ घ्या. दुकानदार बहुधा १एन४००७ पुढे करतो, पण तो एकाच अँपिअरचा आहे. एका बाजूचे १० वॉटचे दोन बल्ब पावणेदोन अँपिअर घेतात, त्यामुळे तो जळतो.

काही नव्या गाड्यांत इंडिकेटर थेट इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलवरून चालतात. तिथे बाहेरून १२ व्होल्ट देऊ नका. नुसत्या सायरनवर भागवा.

इंजिन बंद ठेवणारी जोडणी कशी करायची?

हा भाग जिवाशी संबंधित आहे, म्हणून सविस्तर.

नियम असा: रिले बिघडला, वायर तुटली, अलार्मचा डबा जळाला, तरी धावती गाडी बंद पडता कामा नये. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मागे ट्रेलर असताना इंजिन मेलं तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून इंजिनची वायर कापून तिची दोन टोकं रिलेच्या ३० आणि ८७ए या टोकांना जोडायची (हे आकडे रिलेवर छापलेले असतात). रिलेला करंट नसताना ही दोन जोडलेली असतात. ८७ वापरलं तर उलटं होतं: करंट गेला की इंजिन गेलं.

आता कॉइल, म्हणजे रिलेला ओढणारं आतलं वेटोळं. त्याची टोकं ८५ आणि ८६. ८६ ला इग्निशन चालू असतानाच १२ व्होल्ट देणारी वायर, ८५ ला अलार्मची ती वायर जी अलार्म चालू असताना निगेटिव्ह देते. याचा परिणाम असा की रिले फक्त एकाच वेळी ओढतो: अलार्म चालू आहे आणि तरीही कुणी इग्निशन चालू केलं तेव्हा. एरवी त्याचा खर्च शून्य. पुष्कळ ठिकाणी ८६ थेट बॅटरीला जोडलेलं दिसतं. मग अलार्म लावल्यापासून रिले रात्रभर ओढलेला राहतो. कॉइल साधारण १५० मिलिअँपिअर खाते, दिवसाला ३.६ अँपिअर-अवर. ४ ची बॅटरी एका दिवसात जवळजवळ कोरडी.

८६ ची वायर कापलेल्या जागेच्या चावीकडच्या बाजूने घ्या. पलीकडून घेतली तर रिले ओढतो, स्वतःचाच पुरवठा तोडतो, सुटतो, परत ओढतो, आणि सीटखालून टकटकटक असा आवाज येत राहतो. तो ऐकू आला की चूक कुठे आहे ते लगेच ओळखा.

कॉइलच्या दोन टोकांत एक १एन४००७ उलटा लावा, पट्टी ८६ कडे. कॉइल सुटताना उसळणारा व्होल्टेज तो गिळतो, अलार्मचा आतला भाग वाचतो.

कोणती वायर कापायची? किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) असलेल्या गाडीत किल स्विचची लाइन. ती तोडण्यासाठीच बनवलेली आहे, ईसीयूला त्यात वावगं वाटत नाही. किल स्विच नसेल तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाची पॉझिटिव्ह वायर. मात्र काही गाड्यांत त्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. ईसीयूचा मुख्य पुरवठा, इंजेक्टर, क्रँक सेन्सर आणि एबीएसच्या चाकाच्या सेन्सरची वायर, यांना हात लावू नका. जुन्या एसी सीडीआयच्या (ठिणगी देणाऱ्या एका जुन्या पद्धतीच्या) गाड्यांत प्रकार वेगळा: तिथे वायर तोडून इंजिन बंद होत नाही, किलची वायर अर्थ केल्यावर होतं.

या पद्धतीत एक उणीव आहे. चोराने डबा शोधून वायर तोडली तर गाडी सुरू होते. ती उणीव आम्हाला मान्य आहे. धावत्या गाडीचं इंजिन अचानक बंद होण्यापेक्षा ती परवडली.

चालत्या गाडीचं इंजिन रिमोटने बंद करायची सोय चालू ठेवावी का?

नाही. ती वायर टेप लावून बंद करा.

रिमोटने गाडी सुरू करायची सोय?

गाडी गिअरमध्ये उभी असेल तर सेल्फ लागताच ती स्टँडवरून उडी मारते. समोर मूल उभं असू शकतं. कंपनीने न्यूट्रल आणि क्लचचे स्विच याचसाठी दिलेले असतात, आणि रिमोट स्टार्टची वायर थेट स्टार्टर रिलेला जोडली की ते दोन्ही बाजूला पडतात. बसवायचीच असेल तर न्यूट्रल स्विचमधून जाईल अशीच जोडा. चाळीच्या गल्लीत गाडी लावणाऱ्यांना आमचा सल्ला: बसवू नका.

रिमोट दोन मीटरवरूनच चालतो.

आधी रिमोटचा सेल बदला. मग डब्यातून निघणारी, कुठेही न जोडलेली बारीक वायर शोधा, साधारण १७ सेंटिमीटरची. ती ॲन्टेना आहे. पुष्कळदा ती बसवताना जास्तीची समजून कापलेली किंवा गुंडाळून टेप मारलेली असते. सरळ पसरवा, लोखंडापासून आणि बॅटरीच्या खोक्यापासून दूर. तळघरातल्या पार्किंगमध्ये पल्ला कमी होणारच.

सगळं बसल्यावर खरा खर्च कसा मोजायचा?

बॅटरीची निगेटिव्ह सोडा. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि सुटलेल्या वायरी (गाडीची आणि अलार्मची काळी, दोन्ही एकत्र) यांच्यामध्ये धरा. अलार्म लावा, दोन मिनिटं थांबा, आकडा वाचा. मग अलार्मचा फ्यूज काढून पुन्हा वाचा. फरक म्हणजे अलार्मचा खर्च. मीटर मध्ये असताना सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

कायद्याने काही अडचण?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११९ वेगवेगळे सूर काढणारे, कर्कश हॉर्न लावायला मनाई करतो. म्हणून अलार्मचा सायरन हॉर्नच्या बटणाला कधीही जोडू नका, आणि पोलीस किंवा रुग्णवाहिकेसारखा आवाज निवडू नका. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतात. परळला केईएमच्या आसपास गाडी लावत असाल तर सायरन ३० सेकंदांत आपोआप थांबेल असाच ठेवा. अर्धा मिनिट शेजाऱ्यांना जागं करायला पुरतो.

वॉरंटी आणि विम्याचं काय?

कंपनीची वायरिंग कापली की विजेच्या भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. तुमच्या मॉडेलचा तयार कपलर मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या. काही न कापता मध्ये बसतो आणि काढताही येतो. एआरएआयची (वाहनं तपासणाऱ्या पुण्याच्या संस्थेची) मान्यता असलेल्या चोरीविरोधी उपकरणावर विम्यात सवलत मिळू शकते, पॉलिसी घेताना विचारा. बिल जपून ठेवा. गाडीच्या दोन्ही चाव्याही जपा. चोरीचा दावा केल्यावर त्या मागतात.

टोइंगवाल्यांनी गाडी उचलली तर?

अलार्म वाजेल, कारण त्याला उचलणारा कोण ते कळत नाही. सायरन आपोआप थांबणारा असेल तर बॅटरी वाचते. गाडी जागेवर नसेल तर आधी त्या भागातल्या वाहतूक चौकीत चौकशी करा, मग चोरीची तक्रार. तातडीला ११२.

इलेक्ट्रिक स्कूटरला हाच अलार्म लावता येईल?

मुख्य बॅटरीला कधीही नाही, तिथे व्होल्टेज कित्येक पट असतं. बहुतेक स्कूटरमध्ये कंपनीचाच अलार्म असतो, तो सेटिंगमध्ये चालू करा.

पावसाळ्याआधी काय तपासायचं?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सीट काढा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. प्रत्येक जॉइंट दोन बोटांत धरून हलका ओढा. फ्यूज काढून त्याचे पाय चकचकीत आहेत का बघा. सायरनच्या तोंडात कोळ्याचं जाळं किंवा चिखल असेल तर काडीने काढा. सर्व्हिसिंगला गाडी देताना धुणाऱ्याला सांगा की पाण्याचा जोराचा फवारा सीटखाली मारू नकोस. आणि अलार्म वाजवून बघा, दुपारी, शेजाऱ्यांना आधी सांगून.